गावच्या इतिहास मंडळाचा वारसा मेळावा: दिवस ठरवण्यापासून वृत्त छापण्यापर्यंत

आमच्या मंडळाचा पहिला मेळावा बुडाला तो कार्यक्रमपत्रिकेमुळे. पत्रिका मोठी देखणी होती. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रास्ताविक, अकरा जणांचे सत्कार, तीन भाषणं आणि सगळ्यात शेवटी, आभाराच्या आधी, ‘चित्रकथी सादरीकरण’, म्हणजे एकेक चित्र दाखवत गाऊन सांगायची कथा. पिंगुळीहून आलेली मंडळी दुपारपासून मंचामागे चित्रांची पोथी मांडीवर घेऊन बसून होती. त्यांना मंच मिळाला रात्री नऊ वाजून गेल्यावर. तोवर आयाबाया पेंगलेली पोरं उचलून घरी गेल्या होत्या, आणि जे उरले त्यांना पन्नास-साठ फुटांवरून ते फूट-सव्वा फुटाचं चित्र दिसतच नव्हतं. दुसऱ्या दिवशी हाती काय राहिलं ते पाहिलं. शाली पांघरतानाचे ढीगभर फोटो होते. कुणाच्या माळ्यावरून उतरलेला एक कागद नव्हता, कुणाच्या तोंडून उतरवून घेतलेली एक ओळ नव्हती.

त्यानंतर आम्ही एकच कसोटी ठेवली: मेळाव्यातून लिखित नोंद मागे राहिली पाहिजे. ही काही आमची अक्कल नव्हे. पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ ७ जुलै १९१० रोजी स्थापन झालं, वि. का. राजवाडे आणि खं. चिं. मेहेंदळे यांच्या पुढाकाराने. त्या मंडळाची सुरुवातीची संमेलनं कशी झाली, कुणी काय वाचलं, कुणी कुठला कागद दाखवला, हे आज शंभर वर्षांनी कळतं ते त्यांनी संमेलनवृत्तं छापून ठेवली म्हणून. तेव्हा खाली जे लिहितोय त्यातली प्रत्येक पायरी शेवटी त्या वृत्तापाशी जाते, एवढं ध्यानात ठेवून वाचा.

१. विषय लहान धरा, दिवस नीट निवडा

‘आपल्या तालुक्याचा गौरवशाली इतिहास’ हा विषय नव्हे, भाषणाचा मथळा आहे. विषय इतका आटोपशीर हवा की ऐकणाऱ्याला आपल्या घरातलं काय त्यात बसतं हे लगेच सुचावं. ‘घरातले मोडी कागद’, ‘शिवारातले वीरगळ’ (लढाईत पडलेल्या वीरांचे कोरीव स्मारकदगड), ‘आजीच्या ओव्या’, ‘वाड्यांतलं लाकूडकाम’ असे. एका वर्षी एकच. फार तर जोडीला एक कला.

दिवसाचं म्हणाल तर बहुतेक मंडळं १८ एप्रिलचा जागतिक वारसा दिन गाठायला धावतात. आमच्या सातारा जिल्ह्यात तेव्हा ऊन, लग्नसराई आणि शाळांच्या परीक्षा तिन्ही एकदम येतात. त्यापेक्षा १९ ते २५ नोव्हेंबरचा वारसा सप्ताह बरा. पाऊस सरलेला, दिवाळी उरकलेली, दगडांवरचं शेवाळ वाळलेलं. गावचा बाजार आणि आसपासच्या जत्रा तेवढ्या बघून घ्या.

माणसं सात लागतात. संस्था नोंदवायची तर १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याला किमान सात सभासद हवेत, आणि महाराष्ट्रात १९५० च्या विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडेही नोंद करावी लागते. पहिल्याच वर्षी या खटपटीत पडू नका. पण सातजण मनाने जमवा: शाळेतले एक गुरुजी, देवळाचे गुरव, निवृत्त तलाठी भाऊसाहेब (सात-बारा, जुनी शेतांची नावं, वतनं सगळं तोंडपाठ), एखादा सुतार किंवा गवंडी, मोबाइलवर फोटो बरे काढणारं एक पोर. आमच्याकडे सगळ्यात कामाची निघाली ती गावची आशा सेविका. तिला प्रत्येक घराचा उंबरा माहीत, आणि कुठल्या घरात म्हातारं माणूस अजून बोलतं तेही.

पैशांबद्दल एवढंच, की वर्गणी जमली की खर्चाच्या वहीत पहिली ओळ कलाकारांच्या मानधनाची आणि प्रवासाची लिहा, दुसरी छपाईची. मंडप, फलक आणि हारतुरे उरल्यासुरल्यात. उलट्या क्रमाने लिहिलं की छपाईला दमडी शिल्लक राहत नाही. आम्ही दोनदा करून पाहिलंय.

२. परवानग्या आणि लोकांच्या मनातली भीती

देऊळ किंवा वाडा संरक्षित स्मारक असेल तर आवारात कार्यक्रम घ्यायला केंद्राच्या किंवा राज्याच्या पुरातत्त्व खात्याची, ज्याच्या ताब्यात असेल त्याची, लेखी परवानगी काढा. तिला वेळ लागतो. सोपा मार्ग म्हणजे मेळावा शाळेत घ्यायचा आणि वास्तूकडे नुसती फेरी न्यायची. ध्वनिक्षेपक रात्री दहाला बंद. तलवारी-कट्यारी मांडणार असाल तर पोलीस ठाण्यात आधी जाऊन सांगा. आयत्या वेळी हवालदार आला की तलवारीचा मालक आधी पळतो.

खरी अडचण परवानगीची नसते. लोक वस्तू दाखवायला घाबरतात. ‘सरकार उचलून नेईल’ ही भीती घरोघरी आहे, आणि ती भाषणाने जात नाही. कायदा साध्या शब्दांत सांगावा लागतो. १९७२ च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी मूर्ती, चित्र, नाणं वगैरे ‘पुरावशेष’ ठरतं. ऐतिहासिक मोलाच्या हस्तलिखितांना ही मुदत पंचाहत्तर वर्षांची. अशा वस्तू घरी ठेवायला बंदी नाही. दगडी वा धातूच्या मूर्ती, चित्रं, सचित्र पोथ्या अशा काही प्रकारांची नोंदणी करावी लागते, त्यांचा व्यापार करायला परवाना लागतो आणि त्या देशाबाहेर नेता येत नाहीत. जमिनीत सापडलेल्या गोष्टींचं वेगळं. तिथे १८७८ चा कायदा लागतो, आणि दहा रुपयांहून जास्त मोलाचा ठेवा सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे. (हो, दहाच रुपये. १८७८ चे.)

आमच्या पत्रकावर ठळक अक्षरांत एक ओळ असते: ‘आम्ही वस्तू घेत नाही, विकत नाही, किंमत सांगत नाही. बघतो, नोंदवतो आणि तिथल्या तिथे परत देतो.’ ही ओळ घातल्यापासून माळे उघडायला लागले. आणि किंमत खरंच सांगू नका. एकाला सांगितली की संध्याकाळी दोन भावांत वाद लागलेला असतो.

३. कागदांचं टेबल

मेळाव्यातली सगळ्यात महत्त्वाची जागा मंच नव्हे, हे टेबल. राजवाडे गावोगाव पायपीट करून दप्तरं धुंडाळत, आणि त्यातून १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे बावीस खंड निघाले. आपल्याला निदान एका दिवसापुरती ती पायपीट उलटी करता येते. लोकच दप्तर घेऊन येतात.

टेबल खिडकीजवळ, पण कागदावर थेट ऊन पडणार नाही असं. तीन खुर्च्या: एकाने मालकाशी बोलायचं, एकाने कागद हाताळायचा, एकाने फोटो काढायचा. ही कामं एकाच माणसाने केली की घोळ होतो. दूरदर्शनवर पांढरे हातमोजे घातलेले लोक दिसतात, त्यांचं अनुकरण नको. मोज्यात बोटाला काही कळत नाही आणि कागदाची किनार अडकून फाटते. हात धुऊन कोरडे करा, अंगठ्या काढा. चहा दुसऱ्या खोलीत.

रुमाल, म्हणजे दप्तराभोवती बांधलेलं कापड, सोडण्याआधी तो बांधलेल्या अवस्थेत एक फोटो घ्या. गाठीत अडकवलेली चिठ्ठी, वर लिहिलेलं गावाचं नाव, हे सगळं सोडताना हरवतं. मग प्रत्येक पानाचे दोन्ही बाजूंचे फोटो, मागची बाजू कोरी वाटली तरी. पाठीवर शेरे असतात, शिक्के असतात, कधी कुणी लिहिलेला किराण्याचा हिशेबही. फ्लॅश बंद. फोटोत कडेला पट्टी आणि अनुक्रमांकाची चिठ्ठी हवीच. जी घडी कडक होऊन बसलीय ती उघडायचीच नाही. ‘उघडली नाही’ अशी नोंद करायची.

त्याच दिवशी अख्खा कागद वाचून दाखवा असा आग्रह होतो. तो मानू नका. घाईत लावलेला मोडी कागद पुढे गावाचा ‘इतिहास’ होऊन बसतो. पण मालकाला रिकाम्या हाताने पाठवू नये म्हणून दोन गोष्टी काढून द्याव्यात: नावं आणि सन. सनाचं गणित जमलं की लोकांचे डोळे चमकतात. जुन्या पत्रांत ‘सन तिसा खमसैन मया व अलफ’ असं असतं. तिसा म्हणजे नऊ, खमसैन पन्नास, मया शंभर, अलफ हजार, म्हणजे ११५९. हा शुहूर सन. तो मृगाला बदलतो, म्हणून पत्र मृगापासून डिसेंबरपर्यंतचं असेल तर ५९९ मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढच्या मृगाच्या आतलं असेल तर ६००. म्हणजे हे पत्र इसवी १७५८-५९ चं. आमच्याकडे सातवीतली एक मुलगी हे इतकं पटकन करायला लागली की लोक मला सोडून तिच्यापुढे रांग लावत होते.

कागद परत देताना मालकाची सही घ्या, आणि एखादा कागद कुठल्याही कारणाने एक रात्र जरी ठेवून घेतला तरी पोच दोन प्रतींत लिहा. आमच्याकडे एकदा विश्वासावर बाड राहिलं. चार महिन्यांनी मालकांचा नातू आला, त्यात किती कागद होते हे त्यालाही माहीत नव्हतं आणि आम्हालाही. बाड जसंच्या तसं होतं, पण ते सिद्ध करता येईना. त्या घराशी आमचे संबंध अजून सुधारलेले नाहीत.

जाताना प्रत्येकाला तोंडी बजावा: लॅमिनेशन करू नका, चिकटपट्टी लावू नका. एका घराने अभिमानाने आणलेली सनद लॅमिनेट केलेली होती. आतल्या आत कागद तपकिरी पडलेला, आणि आता तो बाहेर काढायचा तर तज्ज्ञालाही धाडस करावं लागेल. धुतलेल्या, खळ नसलेल्या सुती रुमालात बांधून कोरड्या जागी, जमिनीपासून उंच ठेवा, प्लास्टिकच्या पिशवीत नको. पुण्याच्या पेशवे दप्तरातले कागद रुमालातच राहिलेत.

४. वीरगळांची फेरी

ही फेरी भर दुपारी काढू नका. डोक्यावरचं ऊन दगडावर सपाट पडतं आणि झिजलेलं कोरीवकाम पुसून टाकतं. सकाळी आठच्या आत किंवा सूर्य कलल्यावर निघा. त्याहून चांगलं म्हणजे तिन्हीसांजेला, बॅटरी घेऊन. बॅटरी दगडासमोर धरायची नाही, दगडाच्या कडेला टेकवून प्रकाश तिरका सोडायचा. मघापर्यंत जिथे नुसता खडबडीत दगड होता तिथे घोड्याचा पाय उमटतो, ढालीची कड उमटते, आणि जमलेल्या पोरांतून ‘ए, तलवार बघ!’ असा गलका होतो. फोटोही याच प्रकाशात काढा.

वीरगळ खालून वर वाचायचा. सगळ्यात खाली आडवा पडलेला वीर, त्यावर लढाई (कधी समोर गाई असतात, म्हणजे गोधन वाचवताना मेलेला), त्यावर अप्सरा त्याला वर नेताहेत, सर्वांत वर तो शिवलिंगाची पूजा करतोय. माथ्यावर चंद्र-सूर्य, म्हणजे ते असेतो याची कीर्ती राहील. शेजारच्या दगडावर कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला हात असला तर ती सतीशिळा. गाढव आणि स्त्री कोरलेली असली तर तो गद्धेगाळ, दान मोडणाऱ्याला दिलेली शिवी. पोरं हसतात, हसू द्या, पण अक्षीचा प्रसिद्ध मराठी शिलालेखही गद्धेगाळावरच आहे हे सांगा.

अक्षरं दिसत नाहीत म्हणून त्यांत खडू, हळद, पीठ, तेल काहीही भरू नका. तुम्ही भरलेली रेघ उद्या कुणीतरी मूळ रेघ समजून वाचेल. देवाचा दगड म्हणून ऑइलपेंट फासलेला असेल तर तो खरवडायला जाऊ नका. नोंद करा आणि पुढच्या वर्षी रंग लावू नका म्हणून गुरवांमार्फत विनंती करा. प्रत्येक दगडाची उंची-रुंदी, तोंड कुठल्या दिशेला, मोबाइलवरचं स्थान, शेताचं प्रचलित नाव टिपा. शेतमालकाला आधी विचारलेलं असावं.

आता एक तक्रार. शिवारातले सगळे वीरगळ ट्रॅक्टरने उचलून आणून देवळापुढे सिमेंटात ओळीने बसवायची हौस सध्या फार आली आहे. हेतू चांगला असतो. पण खिंडीच्या तोंडाशी उभा असलेला दगड खिंडीतल्या झुंजीबद्दल काही सांगू शकतो, तोच दगड देवळापुढे शोभेचा होतो आणि खालचा पडलेला वीर सिमेंटात गाडला जातो. रस्ता रुंदीकरणात जाणारच असेल तर उचला, पण आधी जागेवरची पूर्ण नोंद करून.

५. कलाकाराला बोलावताना

चित्रकथी हीच कला पाहिजे असं नाही. आधी आपल्याच पंचक्रोशीत बघा, संबळ वाजवणारे गोंधळी असतील, पोवाडा म्हणणारे शाहीर असतील. पण पहिल्या फजितीनंतर आम्ही पिंगुळीची मंडळी पुन्हा बोलावली, म्हणून तेच उदाहरण देतो.

कुडाळजवळच्या पिंगुळीतल्या ठाकर समाजाने ही कला राखली. परशुराम गंगावणे यांना त्यासाठी २०२१ ची पद्मश्री मिळाली. एका आख्यानाच्या चित्रांचा संच म्हणजे पोथी. कथेकरी एकेक चित्र पुढे करत रामायण-महाभारतातली कथा गाऊन सांगतो, साथीला वाद्यं. ही बसून, जवळून बघायची गोष्ट आहे. म्हणून दुसऱ्या वेळी मंच काढून टाकला. सतरंज्या अंथरल्या, कथेकऱ्यांना फूटभर उंच चौरंगावर बसवलं, पहिली रांग त्यांच्यापासून चार हातांवर. ऐंशी माणसांच्या वर एका खेळाला घेतलं नाही, खेळ दोन ठेवले. दिवे मंद करून एकच पिवळा प्रकाश चित्रावर. साडेसहाला सुरू, पहिलाच कार्यक्रम. सत्कार झालाच नाही, आणि कुणी रागावलंही नाही.

फोनवर ठरवताना विचारा: कुठलं आख्यान, किती वेळाचं, बसायला काय लागतं, ध्वनिक्षेपक हवा की नको, किती माणसं येणार, मुक्काम कुठे. ‘पंधरा मिनिटांत थोडक्यात दाखवा’ असं म्हणू नका. पाऊण तास तरी द्या. मानधन आधी ठरवा आणि खेळ संपला की त्याच रात्री द्या. चित्रीकरण करायचं, नेटवर टाकायचं तर लेखी परवानगी घ्या. सादरीकरणावर सादर करणाऱ्याचा हक्क असतो, बिदागी दिली म्हणून तो आपला होत नाही. जुन्या पोथीला प्रेक्षकांचे हात लावू देऊ नका.

प्रत्येक कला मंचावर आणायची नसते, हेही समजून घ्या. जिव्या सोमा म्हशे (पद्मश्री २०११) यांच्यामुळे वारली चित्रं जगभर पोहोचली, पण वारल्यांचा लग्नचौक हा लग्नविधीचा भाग आहे. तो सवाशिणी काढतात, धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, गाणी म्हणते. तो ‘प्रात्यक्षिक’ म्हणून मागू नये. शेताची, नाचाची, झाडांची चित्रं काढायला बोलवा. आणि मुलांना गुंतवायचं असेल तर सावंतवाडीच्या गंजिफासारखा पत्त्यांचा खेळ उत्तम. दशावतारी गंजिफात दहा अवतारांची प्रत्येकी बारा, अशी एकशे वीस गोल पानं असतात. दहा मिनिटांत पोरं अवतारांची नावं ओळीने म्हणायला लागतात.

६. जातं आणा

ओव्यांच्या वर्षी आम्ही एका आजींना माइकपुढे बसवलं. ‘म्हणा की आजी.’ आजी म्हणाल्या, ‘आता कुठं आठवतंय बाबा.’ पदर सारखा केला, गप्प. अशा तीनजणी झाल्या. मग कुणीतरी शेजारच्या घरातून जातं उचलून आणलं. मूठभर ज्वारी वैरली. आजींनी खुंटा हातात धरला, दोन फेरे दिले, आणि तिसऱ्या फेऱ्याला ओवी आली. मग थांबेनाच. समोरची बाई आपसूक उठून खुंट्याला दुसरा हात लावून बसली आणि पुढची ओवी तिने उचलली.

हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या अभ्यासकांनी अशा लाखभर ओव्या जमवल्या, त्याही घराघरांत जाऊन, मांडवात बोलावून नव्हे. तेव्हा ध्वनिमुद्रण करताना माइक जात्यापासून जरा दूर, तोंडाच्या बाजूला धरा, नाहीतर घरघरच मुद्रित होते. सुरुवातीला मोबाइलवरच तारीख, गाव, म्हणणारीचं नाव आणि माहेर बोलून घ्या. माहेर महत्त्वाचं, ओवी बहुधा तिथली असते. नाव छापायचं की नाही हे तिला विचारा. काही ओव्यांत सासूचं नको तितकं खरं असतं.

७. वृत्त

मेळाव्यानंतर पंधरा दिवसांत वृत्त हातात हवं. महिना गेला की कुणी लिहीत नाही. सोळा पानं पुरतात. मान्यवरांची भाषणं एका परिच्छेदात. बाकी सगळी जागा नोंदींना: कुठल्या घरातून काय आलं (मालकाची हरकत नसेल तरच नाव), कागदांचे सन आणि नावं, वीरगळांची यादी नकाशासह, ओव्या म्हटल्या तशा, ‘ण’चा ‘न’ झाला असेल तर तसाच. जे वाचता आलं नाही तिथे ‘वाचता आलं नाही’ असं स्पष्ट लिहा. फोटो आणि ध्वनिमुद्रणं दोन वेगवेगळ्या घरांतल्या दोन डिस्कवर ठेवा. छापील प्रत गावच्या वाचनालयात, शाळेत, वस्तू आणणाऱ्या प्रत्येक घरी आणि कलाकारांना पोस्टाने.

शेवटच्या पानावर आम्ही ‘राहिलेली घरं’ अशी छोटी यादी देतो, त्या-त्या घराला विचारूनच. गेल्या वर्षी वृत्त वाटल्यावर तिसऱ्या दिवशी त्यातल्याच एका घरातून फोन आला. माळ्यावर पेटी सापडलीय, किल्ली नाही, कुलूप तोडू का? म्हटलं, हात लावू नका, सुताराला घेऊन येतो.